उद्याची गाडी कोणाच्या दारात?

१५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन उघडलं. साठ लाखांच्या घरातली ती गाडी त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर झळकली. मोटारींच्या भवितव्याबद्दल आपल्याकडे जे बोललं-लिहिलं जातं, ते बहुधा अशाच एखाद्या दालनातून सुरू होतं. एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, चार्जिंगला किती मिनिटं लागतात, स्टिअरिंगला हात न लावता ती वळते का, हे त्यातले नेहमीचे प्रश्न. ते महत्त्वाचे आहेतच. पण त्याच संकुलाजवळच्या कुर्ल्याहून हार्बरची गाडी पकडून टिळकनगर, चेंबूर, गोवंडी मागे टाकत मानखुर्दला उतरलं की हे प्रश्न पुरेसे वाटत नाहीत. खाडी ओलांडण्याआधीचं मुंबईचं हे शेवटचं स्टेशन. इथे मोटार असलेली घरं थोडी आहेत, पण मोटारीला लागणारं जवळजवळ सगळं याच परिसराच्या अंगावर उभं आहे.

माहुलच्या बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. एक १९५४ चा, आधी एस्सोचा आणि आता हिंदुस्थान पेट्रोलियमचा. दुसरा १९५५ चा, मूळचा बर्मा शेलचा आणि आता भारत पेट्रोलियमचा. ट्रॉम्बेला टाटांचं औष्णिक वीजकेंद्र १९५६ पासून चालू आहे. आज त्याची क्षमता ९३० मेगावॉट आहे आणि त्यातला मोठा भाग कोळशावर चालतो. त्याच १९५६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या अणुसंशोधन केंद्रात 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. पेट्रोल, कोळशाची वीज आणि अणुशक्ती, म्हणजे गाडीच्या इंधनाचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य, इथे काही किलोमीटरांच्या आत नांदतात. सायन-पनवेल महामार्ग, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, खाडीवरचे पूल आणि मेट्रोचा मंडाळ्याचा कारडेपो हे सगळंही इथलंच. ज्या महापालिका विभागात हे येतं, त्या एम-पूर्व विभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांहून जास्त होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यात तळाला होता. म्हणून उद्याच्या वाहनाचा आढावा इथून घ्यावासा वाटतो. ते वाहन इथल्या माणसाच्या उपयोगी पडलं तर ते शहराच्या उपयोगाचं ठरेल. इथे उपयोगी पडलं नाही, तर ती फक्त श्रीमंतांची नवी खरेदी असेल.

आधीची भविष्यं काय झाली, हे पाहिल्याशिवाय पुढचं नीट दिसत नाही. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला तो शहराचा कचरा वाहायला. माणसांसाठी तो खुला व्हायला १९२४ उजाडलं. खाडीवरचा रस्त्याचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला, दुसरा १९९७ मध्ये आणि तिसरा आत्ता, २०२४-२५ मध्ये. मानखुर्द-वाशी रेल्वे मे १९९२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला. म्हणजे मोटारीसाठी पूल आल्यावर रेल्वेसाठी इथल्या लोकांना एकोणीस वर्षं थांबावं लागलं. नवी मुंबई उभी राहिली ती मात्र रेल्वे आल्यावर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढेही तो पुन्हा पुन्हा दिसतो.

मानखुर्दपासून जवळच, कुर्ल्यात, भारतातल्या मोटारउद्योगाचा एक मोठा अध्याय घडला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये तिथे अमेरिकी मोटारी जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच कारखान्यातून फियाट आणि मग प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. ती बनवली होती मध्यमवर्गीय कुटुंबाची खाजगी गाडी म्हणून. मुंबईने तिला काळी-पिवळी टॅक्सी केलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि बरोबर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून उतरली. तिच्यात बसलेल्या माणसांपैकी बहुतेकांची स्वतःची गाडी कधीच नव्हती. प्रसूतीला निघालेल्या बायका, रात्रीच्या रेल्वेने गावाहून आलेली कुटुंबं, आजारी म्हातारी माणसं यांना ती गरजेपुरती, दोन-चार मैलांसाठी मिळाली. आज परदेशात वाहन विकत न घेता गरजेपुरतं वापरण्याची कल्पना मोठ्या कौतुकाने मांडली जाते. मुंबईने ती मीटर, बॅज आणि परमिटच्या बळावर कित्येक दशकं चालवली.

याच्या उलट उदाहरण नॅनो या लाखाच्या मोटारीचं. पावसात स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली, हे आपल्याला माहीत आहे. जानेवारी २००८ मध्ये ती लोकांसमोर आली, २००९ मध्ये मुंबईत तिचं विक्रीसाठी अनावरण झालं आणि दहा वर्षांच्या आत उत्पादन थांबलं. तिच्या अपयशाची कारणं अनेक सांगितली जातात. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, 'स्वस्त' हा शिक्का बसला. मुंबईपुरतं मला आणखी एक कारण दिसतं. इथे मोटारीचा खरा खर्च तिच्या किमतीत नसून ती उभी करायच्या जागेत आहे. लाख रुपये कुटुंब कसंबसं उभे करेलही, पण शंभर चौरस फूट मोकळी जागा मानखुर्दमध्ये कोणाकडे आहे? त्या पावसातल्या कुटुंबाला छप्पर हवं होतं हे खरं. ते छप्पर रोज रात्री ठेवायचं कुठे, याचं उत्तर कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

एक भविष्य तर अगदी डोळ्यांसमोर विझलं. २ फेब्रुवारी २०१४ रोजी चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली, स्वतंत्र भारतातली पहिली. २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. कमी जागेत, वळणावळणाच्या रस्त्यांवरून जाणारं हलकं वाहन म्हणून तिच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं गेलं. गाड्या कमी, फेऱ्यांत अंतर जास्त आणि उपनगरी रेल्वेशी धड जोडणी नाही, यामुळे ती रिकामीच धावत राहिली. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल बंद पडल्यावर लोक तिच्यात दाटीवाटीने चढले आणि गाडी मध्येच अडकली. अग्निशमन दलाला शेकडो प्रवाशांना शिडीने उतरवावं लागलं. पुढच्याच महिन्यात सुधारणांसाठी सेवा थांबवण्यात आली. आता वांद्रे-कुर्ला संकुलात ३८ थांब्यांची, सुमारे पावणेनऊ किलोमीटरची पॉड टॅक्सी नियोजित आहे. तिचं वाईट व्हावं असं कोणालाही वाटणार नाही. पण सहा माणसांचे डबे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र उन्नत मार्ग हा खर्च ज्या शहरात मंजूर होतो, त्याच शहरात बसगाड्यांची संख्या घटत जाते. याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

वाहतुकीच्या भविष्यासाठी मानखुर्दने किंमत कशी मोजली, हे तिथल्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये कळतं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज २००२ मध्ये मंजूर झालं. त्यात रेल्वेरुळांच्या कडेच्या आणि नव्या रस्त्यांच्या आड येणाऱ्या हजारो झोपड्या हलवल्या गेल्या. त्यांतली कित्येक कुटुंबं इथल्या इमारतींत आली. २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं, स्वतःच्या नावावर. ही मोठी गोष्ट होती आणि तिची किंमत कमी लेखू नये. पण काम जुन्याच ठिकाणी राहिलं. ज्या बाईची चार घरांची धुणीभांडी चालत जाण्याच्या अंतरावर होती, तिला आता रिक्षा, लोकल आणि पुन्हा बस करावी लागू लागली. पुनर्वसनाबद्दलच्या तक्रारींची बँकेच्या तपासणी मंडळाने दखल घेतली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचा निधी काही महिने रोखून धरला. त्याच प्रकल्पातला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला. रस्ता ज्यांच्या घरांवरून गेला, त्यांच्यातल्या फार थोड्यांकडे त्यावर चालवायला गाडी होती.

आता नवे रस्ते पाहा. पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये पांजरापोळपर्यंत आणि २०१४ मध्ये घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंत आला. त्या जोडरस्त्यावरचा जवळजवळ तीन किलोमीटरचा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२१ रोजी खुला झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला आणि त्याच वर्षी किनारी मार्गही. मुंबईत नोंदलेल्या वाहनांपैकी निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत. तरी वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला प्रवेश नाही. कारण सुरक्षिततेचं दिलं जातं. समुद्रावरचा वारा, वाहनांच्या वेगातला फरक आणि घसरण्याचा धोका हे खरे धोके आहेत. पण रस्ता आखतानाच दुचाकीसाठी कठड्याआडची वेगळी मार्गिका का आखली जात नाही, हा प्रश्न उरतो. ती आखली नाही, की दुचाकीस्वार सायन-पनवेल महामार्गावर टँकर आणि ट्रेलरच्या मधून जातो. तिथे तो जास्त सुरक्षित आहे असं कोणीही म्हणणार नाही.

याच ठिकाणी विजेच्या गाडीचं धोरण येऊन मिळतं. महाराष्ट्राने विद्युत वाहनांसाठी पहिलं धोरण २०१८ मध्ये आणलं, दुसरं २०२१ मध्ये आणि तिसरं एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलं, जे २०३० पर्यंत लागू आहे. त्यानुसार ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. पेट्रोलच्या मोटारीला एका बाजूचे २५० रुपये पडतात, विजेच्या मोटारीला काहीच नाही. विजेची स्कूटर मात्र पैसे देऊनही त्या पुलावर चढू शकत नाही. त्याआधी, १५ ऑक्टोबर २०२४ पासून, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. त्यात खाडीपलीकडचा वाशीचा नाकाही आहे. सार्वजनिक पैसा एका दिशेने वाहतोय आणि ती दिशा चारचाकीची आहे. एक विजेची मोटार जितकी बॅटरी, जितका रस्ता आणि जितकी पार्किंगची जागा घेते, तेवढ्यात किती स्कूटर किंवा किती रिक्षा भागतील, हा विचार धोरणात पुढे यायला हवा. धूर कमी होईल हे मान्य. पण मुंबईची कोंडी धुराने झालेली नाही, गाडीने अडवलेल्या जागेने झालेली आहे, आणि विजेची मोटार तेवढीच जागा अडवते.

माझ्या मते मानखुर्दच्या माणसाच्या वाट्याला येणारं पहिलं खरं विजेचं वाहन दुचाकीच असेल, आणि ते येऊही लागलं आहे. महाराष्ट्राला या वाहनाचा मोठा वारसा आहे. पुण्याच्या बजाजची चेतक १९७२ मध्ये आली आणि जानेवारी २०२० मध्ये विजेची होऊन परतली. फिरोदियांची लूनाही १९७२ चीच, आणि २०२४ मध्ये तीही विजेवर आली. आकडेमोड सरळ आहे. पेट्रोल १०३ रुपये लिटर आणि स्कूटरचं अ‍ॅव्हरेज ४५ धरलं, तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वर जातात. विजेच्या स्कूटरला घरगुती दराने तेच अंतर पंचवीस-तीस पैशांत पडतं. घरोघर जेवण आणि किराणा पोचवणाऱ्या ज्या मुलांचा दिवस शंभर किलोमीटरचा असतो, त्यांच्यासाठी हा फरक रोजच्या दोनशे रुपयांचा आहे. त्यांनी विजेची गाडी घेतली, तर ती हवामानबदलाच्या चिंतेपोटी घेतली असं नाही. हिशेब जमला म्हणून घेतली.

अडचण आहे चार्जिंगची. मोठ्या सोसायटीत पार्किंगच्या खांबाला चार्जर लावता येतो. सात मजली पुनर्वसन इमारतीत, जिथे लिफ्ट कधी चालते कधी नाही, तिथे पाचव्या मजल्यावरचा मुलगा गाडी कुठे लावणार? खिडकीतून खाली सोडलेली वायर, पावसात भिजणारा जोड, जिन्याखालच्या मीटरपेटीशेजारी रात्रभर तापणारी बॅटरी, यातून आगीला निमंत्रण मिळतं. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही अवघड नाहीत. एक, काढून घरात नेता येईल अशी हलकी बॅटरी. दुसरा, रिकामी बॅटरी देऊन भरलेली घ्यायची अदलाबदल केंद्रं. ती स्टेशनबाहेर, बसआगारांत, पालिकेच्या मंडईत उभी राहू शकतात. पण धोरणाचं बहुतेक लक्ष महामार्गांवरच्या मोटारींच्या जलद चार्जरकडे असतं. मानखुर्दच्या महाराष्ट्र नगरात किंवा मंडाळ्यात सुरक्षित, मीटर लावलेला, छपराखालचा चार्जिंगचा कट्टा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त लोकांना उपयोगी पडणारी गोष्ट ठरेल.

वीज कुठून येते, हा प्रश्नही इथे कागदावरचा नाही. पेट्रोलची गाडी जिथे धावते तिथे धूर सोडते. विजेची गाडी तोच धूर काही अंशी ट्रॉम्बेच्या चिमणीवर हलवते. वांद्र्याची हवा स्वच्छ होऊन माहुल-मानखुर्दची तशीच राहिली, तर त्या बदलाला न्याय्य म्हणता येणार नाही. जाळ्यातली वीज सौर आणि पवनऊर्जेकडे जितकी सरकेल, तितकाच या गाड्यांचा फायदा इथल्या मुलांच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचेल.

बदल करवून घेता येतो, हे सीएनजीने दाखवलं आहे. १९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. त्यानंतरच्या आदेशांनी काही वर्षांत शहराच्या जुन्या टॅक्सी आणि रिक्षा नैसर्गिक वायूवर आल्या. हे झालं तेव्हाही चालकांनी विरोध केला होता. पुढे किलोमीटरमागचा खर्च घटल्यावर विरोध मावळला. राहिली ती पंपावरची रांग. गॅससाठी तासन्‌तास थांबलेल्या रिक्षावाल्याचा बुडालेला धंदा कोणत्याही अहवालात मोजला गेला नाही. रिक्षा विजेवर नेताना तीच चूक करू नये. चार्जिंगला लागणारा वेळ हा रिक्षावाल्याच्या कमाईतून वजा होणारा वेळ आहे, म्हणून त्याच्यासाठी अदलाबदलीची बॅटरीच योग्य. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्य सरकारने पेट्रोल-डिझेलची वाहनं मुंबई महानगरातून टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे पाहायला सात जणांची समिती नेमली. या समितीपुढचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तारखेचा नसून क्रमाचा आहे. आधी कोणाला बदलायला लावायचं, आणि त्याच्या हप्त्याचं काय करायचं?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर माथेरानने दिलं आहे. तिथे मोटारींना बंदी आहे, आणि वर्षानुवर्षं माणसं माणसांना हातरिक्षात बसवून चढ चढत होती. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच ई-रिक्षा मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक फेऱ्या सुरू झाल्या आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. त्या गाड्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने मिळाव्यात, असंही न्यायालयाने सांगितलं. तंत्र बदललं, पण रोजगार त्याच हातात राहिला. राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेतही हाच विचार दिसतो. त्यात किमतीच्या २० टक्के सरकार देतं, ७० टक्के कर्ज मिळतं आणि १० टक्के त्या बाईने भरायचे असतात. मानखुर्द स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगेत चालकाच्या जागी बाई अजून विरळाच दिसते. ती दिसू लागणं हा माझ्या दृष्टीने गाडी आपोआप वळण्यापेक्षा मोठा बदल आहे.

बाइक टॅक्सीचं प्रकरण याच कसोटीवर घासून पाहावं. २०२३ च्या सुरुवातीला राज्याने परवान्याविना चालणाऱ्या बाइक टॅक्सींना मनाई केली होती. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत फक्त विजेच्या बाइक टॅक्सीला मान्यता दिली. सप्टेंबरमध्ये भाडं ठरलं, पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. रिक्षावाल्यांची भीती समजण्यासारखी आहे. एकट्याने जाणारा प्रवासी स्वस्तात दुचाकीकडे वळणार. दुसरीकडे मानखुर्द-गोवंडीतल्या कित्येक तरुणांना परमिटच्या खर्चाशिवाय कमाईची वाट मिळणार. माझा कल या तरुणांकडे झुकतो, पण एका अटीवर. गाडी त्यांच्या नावावर हवी आणि अपघात विमा सक्तीचा हवा. नाहीतर मोबाइलवरचं अ‍ॅप मालक होतं आणि रस्त्यावरची सगळी जोखीम मुलगा पत्करतो.

चालकाविना गाड्यांबद्दल इथे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर अशा टॅक्सी प्रवासी नेतात. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, भारतात अशा गाड्या येऊ देणार नाही असं सांगितलं, आणि कारण चालकांच्या रोजगाराचं दिलं. घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावर पाणी तुंबलेलं असताना, समोरून हातगाडी, बाजूने कचऱ्याचा डंपर आणि मधून शाळेची पोरं जात असताना ही यंत्रणा काय करेल, याची चिंता पुढच्या काही वर्षांत तरी करावी लागणार नाही. पण याच संशोधनातून निघालेल्या छोट्या गोष्टी आजच हव्या आहेत. डंपरच्या डावीकडे आलेली सायकल दाखवणारा कॅमेरा, माणूस आडवा आल्यावर आपोआप लागणारा ब्रेक. त्या आधी अवजड वाहनांवर सक्तीच्या व्हाव्यात. मोटारीतल्या माणसाच्या सोयीपेक्षा रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव पुढे ठेवला, तर क्रम असाच लागतो.

आणि मग बस. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी धावली. बेस्टचा ताफा २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरात होता, आता तो तीन हजारांच्या खाली आला आहे. स्वतःच्या गाड्या तर त्यातला लहानसा भाग आहेत, बाकी कंत्राटदारांच्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं गेलं तेव्हा बसथांब्यांवर लोक परत आले होते. मे २०२५ मध्ये ते दुप्पट, १० रुपये झालं. बससाठी अर्धा-पाऊण तास थांबून कंटाळलेला माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. मुंबईत दुचाकी वाढल्या त्या हौसेने कमी आणि बस न आल्याने जास्त, असं मला ठामपणे वाटतं. आज विजेच्या वातानुकूलित बस रस्त्यावर आहेत, त्यांत आवाज नाही, धूर नाही आणि तिकीट मोटारीच्या खर्चाच्या आसपासही नाही. खऱ्या अर्थाने भविष्यातलं वाहन तेच आहे.

पण नवं वाहन जुन्या व्यवस्थेच्या हाती दिलं की काय होतं, हे ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात दिसलं. एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाची विजेची बस गर्दीत घुसली आणि नऊ जणांचा जीव गेला. कंत्राटी चालकांना स्वयंचलित गिअरच्या, पाय ठेवताच वेग घेणाऱ्या बसचं किती दिवस शिक्षण दिलं जातं, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. वर्षानुवर्षं क्लच दाबत गाडी चालवलेल्या पायाला ते शिकायला वेळ लागतो. बॅटरीवर कोट्यवधी खर्च करताना चालकाच्या शिक्षणावर आणि पगारावर काटकसर केली, तर तो बदल अपुराच राहतो.

मेट्रो २-ब डी. एन. नगरपासून मंडाळ्यापर्यंत २३.६ किलोमीटरची आहे. मंडाळे ते डायमंड गार्डन या ५.४ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यावर एप्रिल २०२५ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. कारडेपोसाठी मंडाळ्यात सुमारे ३१ हेक्टर जमीन लागली. एवढी जमीन देणाऱ्या वस्तीला मेट्रोपर्यंत चालत जायला सलग, दिवे लावलेला, पावसात न बुडणारा पदपथ मिळायला हवा. मुंबईच्या वाहतूक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे की शहरातल्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास पायीच होतात. तरीही इथला माणूस महामार्ग ओलांडताना दुभाजकावर उभा राहून दोन ट्रकमधली फट शोधतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबईतून रस्त्याने तिकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मानखुर्दवरून जाणार, म्हणून हे ओलांडणं पुढे आणखी कठीण होईल. पदपथ आणि पादचारी पूल कोणत्याही भविष्याच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून ते मुद्दाम इथे लिहितो.

मोटारींवर मर्यादा येणारच. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करू नये, असा प्रस्ताव परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये मांडला. टोकियोत हा नियम अनेक दशकं आहे आणि तिथल्या गल्ल्या त्यामुळेच मोकळ्या आहेत. माझा या प्रस्तावाला पूर्ण पाठिंबा आहे. मात्र त्यात दुचाकी आणि रिक्षा ओढू नयेत. ज्या माणसाला मुळात २२५ चौरस फूट मिळाले, त्याच्या रोजीरोटीच्या गाडीला जागेचा दाखला मागणं म्हणजे त्याला रस्त्यावरून हटवणं.

शेवटी, गाडी संपल्यावर ती कुठे जाते? यातला बराच माल मंडाळ्यात येतो. पत्रा, तारा, तेलाचे डबे, प्लास्टिक यांची इथली गोदामं शहराची मोठी सेवा करतात आणि त्यांत हजारो हात काम करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या भंगार गोदामांना लागलेली आग कितीतरी तास धुमसत होती. पेट्रोल गाडीचं भंगार लोखंड आणि तेल असतं. विजेच्या गाडीच्या भंगारात लिथियमची बॅटरी असते. ती चुकीच्या जागी फोडली तर आतल्या आत पेटते, पाण्याने सहज विझत नाही आणि विषारी वाफ सोडते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले, आणि बॅटरी परत घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली. पण ज्या मुलाने एका स्कूटरची बॅटरी किलोच्या भावाने विकत घेतली, त्याला हे नियम कोणी सांगितले? मोडतोडीची परवानाधारक केंद्रं शहराबाहेर काढली, की मंडाळ्याचा धंदा बुडेल आणि उरलेलं काम चोरून, जास्त धोक्यात होईल. त्याऐवजी इथेच पालिकेने आगप्रतिबंधक शेड बांधाव्यात, उत्पादकांनी त्यांचा खर्च उचलावा, आयटीआयने बॅटरी सुटी करण्याचा अभ्यासक्रम चालवावा आणि आजच्या भंगारवाल्याला त्याचा परवाना मिळावा. २०२० च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या विजेच्या गाड्यांच्या बॅटरी या दशकाच्या अखेरीस मोठ्या संख्येने निकामी होऊ लागतील. तयारीला थोडीच वर्षं आहेत.